छत्री कोणाची, पाऊस कोणावर?

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात एक दिवसाचे चर्चासत्र व्हायचे होते. विषय मान्य झाला होता, वक्ते ठरले होते, चहा-नाश्त्याच्या खर्चालाही मंजुरी मिळाली होती. गाडी अडली ती निमंत्रणपत्रिकेवरच्या एका शब्दापाशी. एका सहकाऱ्यांचे म्हणणे, ‘एलजीबीटी’ लिहू नका, कोणाला कळणार नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, ‘समलिंगी’ लिहू नका, सगळ्यांना कळेल. तासभर खल झाल्यावर तडजोड निघाली आणि पत्रिका छापली गेली, ‘तृतीयपंथी समुदाय : समस्या आणि उपाय’. सभ्य शब्द सापडला ह्या समाधानात सर्वजण उठले.

चर्चासत्र पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी एम.ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी विभागात आली. बरीच घुटमळली आणि म्हणाली, “तुमच्या त्या पत्रिकेत मी नव्हते.” मग थोड्या वेळाने, “मला आईला सांगायचंय. मराठीत सांगायचंय. शब्द कोणता वापरू?” आम्ही दोघे वीस-वीस वर्षे मराठी शिकवत आलो आहोत. ध्वनिसिद्धान्त शिकवतो, शब्दशक्ती शिकवतो, अभिधा-लक्षणा-व्यंजनेवर प्रश्नपत्रिका काढतो. त्या मुलीला देण्याजोगा एक शब्द आमच्यापाशी नव्हता. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यासाठी काही मित्रांशी भांडण काढावे लागणार आहे, तेही आम्ही पत्करले आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. हे लिहिणाऱ्या दोघांपैकी एक जण ह्या समाजाचा घटक आहे, दुसरा नाही. कोण कोणता, हे सांगण्याची आम्हांला गरज वाटत नाही. ज्यांना ते कळल्यावाचून पुढचे वाचवत नाही, त्यांनी आपल्याला नेमके काय तपासायचे आहे, युक्तिवाद की माणूस, हे स्वतःला विचारावे.

पहिला आक्षेप नेहमी सर्वांत गोड माणसांकडून येतो. नाव हवेच कशाला? माणूस म्हणा, पुरे आहे. उदार अंतःकरणाने उच्चारलेले हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी आम्हांला ते जातीविषयीच्या त्याच छापाच्या वाक्याची आठवण करून देते. ज्याला जात सोसावी लागत नाही तोच ‘आम्ही जात मानत नाही’ असे सहजपणे म्हणू शकतो. नाव नाकारण्याची चैन ज्याला परवडते त्याचे नाव आधीच सर्वत्र लिहिलेले असते, शिधापत्रिकेवर, लग्नपत्रिकेवर आणि वारसाच्या रकान्यात.

शिवाय ही माणसे एकत्र आली ती एकमेकांसारखी होती म्हणून नव्हे. पुरुषावर प्रेम करणारा पुण्याचा लेखनिक, स्त्रीवर प्रेम करणारी मिरजेची शिक्षिका, पुरुषाच्या देहात जन्मून स्त्री म्हणून जगणारी, गुरूच्या घरात राहणारी कुर्ल्याची हिजडा, ह्यांच्यात जात, वर्ग, शिक्षण, भाषा यांपैकी काय समान होते? समान होता तो पाऊस. भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ १८६२ साली अमलात आले आणि त्याने निसर्गक्रमाविरुद्धचा संभोग असा एक गुन्हा निर्माण केला. त्यात माणसाचे वर्णन नव्हते, कृतीचे होते. पण पोलिसाच्या हातात ती कृती माणसाची ओळख झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणखी पुढे जाऊन हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. छत्री आमच्यापैकी कोणी हौसेने शोधलेली नाही. पाऊस सर्वांवर पडत होता, म्हणून माणसे एका आडोशाला आली. त्या आडोशाला नाव नको असे म्हणणे म्हणजे पाऊस पडतच नाही असे म्हणणे.

मात्र पाऊस सर्वांवर सारखा पडत नाही, हेही तितकेच खरे आहे आणि आमचे खरे भांडण येथून सुरू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या संमतीने झालेल्या खाजगी संबंधांपुरते कलम ३७७ निष्प्रभ केले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने तृतीयपंथीयांना कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र ओळख दिली. म्हणजे एकाच इमारतीत, एका हिवाळ्यात आणि एका उन्हाळ्यात, एकाला गुन्हेगार ठरवले गेले आणि दुसऱ्याला नागरिक. एकच व्यक्ती दोन्ही असू शकते, हा विचार त्या चार महिन्यांत कोठे गेला होता, हे न्यायदेवतेलाच ठाऊक. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संमतीच्या संबंधांवरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा प्रश्न आला तेव्हा समलिंगी जोडप्यांना नकार मिळाला. पारलिंगी व्यक्तीला स्त्री-पुरुष विवाहाच्या चौकटीत लग्न करता येते, एवढे मात्र मान्य झाले. सारांश, कायदा ह्या समाजाकडे एक समाज म्हणून पाहत नाही. तो एकाच्या डोक्यावर छत्री धरतो आणि दुसऱ्याला पागोळीखाली उभे करतो.

आता आमच्या पत्रिकेवरचा तो सभ्य शब्द घेऊ. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांनी आणि शासनाने रुळवला. अपशब्दाच्या जागी तो आला, म्हणून त्याचे ऋण मान्य करायला हवे. पण ह्या शब्दाची छत्री करणे ही दोन्ही बाजूंची फसवणूक आहे. समलिंगी स्त्री किंवा पुरुष स्वतःला तिसरा मानत नाही. ती स्त्रीच असते, तो पुरुषच असतो. फक्त त्यांचे मन आपल्यासारख्याच देहाकडे ओढ घेते. त्यांना तिसऱ्या पंथात ढकलणे म्हणजे जी पुरुषावर प्रेम करत नाही ती स्त्रीच नव्हे, हा जुनाच निवाडा नव्या शाईने लिहिणे होय. शिवाय ‘पंथ’ हा शब्द पाहा. पंथ माणूस स्वीकारतो, दीक्षा घेऊन त्यात जातो, वाटले तर सोडतो. वारकरी पंथ, नाथपंथ, महानुभाव पंथ आपण म्हणतो. हिजड्यांच्या गुरु-चेला परंपरेला तो काही अंशी लागू पडेलही. पण सांगलीच्या बसस्टँडवर आपल्या मैत्रिणीची वाट पाहणाऱ्या मुलीने कोणत्या पंथाची दीक्षा घेतली आहे?

दुसऱ्या बाजूची फसवणूक अधिक महाग पडणारी आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष ह्यांखेरीज ‘इतर’ असा पर्याय होता आणि त्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे असे सांगितले. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. ज्या माणसांना घरातून हाकलले गेले, शाळा सोडावी लागली, सिग्नलवर हात पसरावा लागला, त्यांच्यासाठीची ही तरतूद आहे. ‘तृतीयपंथी’ ही सर्वांची छत्री झाली, तर रजा, पगार आणि निवृत्तिवेतन असलेला समलिंगी प्राध्यापक उद्या त्याच रांगेत उभा राहील. आंदोलनाचा शब्द आणि अर्जावरचा शब्द ह्यांत गल्लत केली की सर्वांत दुबळ्याच्या ताटातील घास सर्वांत सबळाच्या तोंडी जातो. आमचे म्हणणे असे की छत्री-शब्द आंदोलनासाठी असावा. अर्जात प्रत्येकाने आपले नेमके नाव लिहावे आणि नेमका हक्क मागावा.

संस्कृतोद्भव शब्दांचे कैवारी ह्या टप्प्यावर पुढे येतात. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. शब्द घडवण्याची मराठीची परंपरा मोठी आहे आणि ‘महापौर’, ‘दिनांक’ म्हणताना तो शब्द कोणी घडवला हे आज कोणाला आठवतही नाही. परंतु ह्या एका प्रांतात आपल्या संस्कृत टांकसाळीने फार खोटी नाणी पाडली आहेत. ‘होमोसेक्शुअल’ हा मूळ शब्द कार्ल मारिया कर्टबेनी ह्या लेखकाने १८६९ साली, समलिंगी संबंधांना शिक्षा सांगणाऱ्या प्रशियाच्या कायद्याला विरोध करणाऱ्या पत्रकात छापला. पुढे तो डॉक्टरांनी उचलला आणि रोगाचे नाव केला. आपण त्याचा अनुवाद ‘समलिंगी’ असा केला. ह्या मुलुखात डॉक्टरांचे कसब आले ते नावासकट, आणि नावातली वकिली मात्र वाटेत गळून पडली.

‘लिंग’ ह्या शब्दाचीच एक अडचण आहे. व्याकरणातले लिंग, देहाचे लिंग, अवयव आणि शंकराची पिंडी, एवढी ओझी तो एकटा वाहतो. ‘समलिंगी’ म्हटल्यावर वर्गात खसखस पिकते ती उगाच नव्हे. प्रेमाचे नाव घ्यायला गेलो आणि अवयवाचे नाव निघाले, अशी ती गत होते. ‘उभयलिंगी’ तर त्याहून गमतीचा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जास्वंदीचे फूल उभयलिंगी असते, आणि आपण तोच शब्द स्त्री आणि पुरुष दोघांकडे ओढ असणाऱ्या माणसाला लावतो. मग ‘उभयलैंगिक’, ‘आंतरलिंगी’, ‘पारलिंगी’, ‘अलैंगिक’ अशी लिंगांची दिंडीच निघते. ह्यांतले काही शब्द नेमके आहेत. ‘पारलिंगी’ तर आम्हांला मनापासून आवडतो. त्यात ‘पार’ आहे, नदी ओलांडून गेल्याचा अर्थ आहे. नेमकेपणासाठी हे शब्द वापरावेत. पण हे सर्व मिळून जी छत्री होते तिच्या काड्या मोजण्यातच पावसाळा संपतो.

गौरवाच्या शब्दांविषयी आमचे मत अधिक कडवे आहे. कोणी ‘किन्नर’ सुचवतो, कोणी ‘इंद्रधनुषी’. किन्नर म्हणजे देवलोकातील गायक. ज्यांना आपण दुकानाच्या पायरीवर उभे राहू देत नाही त्यांना देवलोकात पाठवणे ही आपली जुनी खोड आहे. ‘अपंग’ म्हणणे बोचू लागले तेव्हा ‘दिव्यांग’ आला. कार्यालयाच्या पायऱ्यांना उतार मात्र झाला नाही. ‘अस्पृश्य’ म्हणणे लाजिरवाणे झाले तेव्हा ‘हरिजन’ आला आणि डॉ. आंबेडकरांनी तो स्वीकारला नाही. ज्याला हक्क द्यायचा नसतो त्याला आपण देवाशी नाते लावून देतो. ह्याला एक सन्माननीय अपवाद आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे ह्यांनी २००२ साली सुरू केलेल्या संस्थेला ‘समपथिक’ हे नाव दिले. सोबत चालणारा, एवढाच त्याचा साधा अर्थ. तो वरून दिलेला नाही, आतून आला आहे, म्हणून त्याची गोष्ट वेगळी. तरीही वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि तो एका संस्थेचे नाव म्हणूनच राहिला, ह्याचा अर्थ आपण लावायला हवा. संस्कृत शब्द आपोआप सर्वांचा होत नाही. त्याचीही एक जात असते, एक वर्ग असतो.

मग लोकांच्या तोंडचे शब्द घ्यावेत का? ते सारे शिव्या आहेत. बायल्या, छक्का आणि त्याहून खालचे. शिवी उचलून छातीवर लावण्याचा मार्ग जगभर आहे आणि आपल्याकडेही आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांचे आत्मकथन २०१२ साली ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ ह्या नावाने मराठीत आले तेव्हा त्या शब्दातले विष त्यांनी निम्मे उतरवले. तो शब्दच सर्वांची छत्री करावी असे आमच्या काही तरुण मित्रांना वाटते. आम्हांला ते मान्य नाही. हिजडा ही एका परंपरेची, एका घराण्याची, एका जगण्याची ओळख आहे. तीच गोष्ट जोगत्याची. राजन गवस ह्यांनी ‘भंडारभोग’ कादंबरीत ज्या जोगत्याचे जगणे मांडले त्याच्या गळ्यातले दर्शन आणि हातातली परडी ही यल्लम्माच्या नावाने लादलेल्या गुलामीची खूण आहे. ते नाव ज्याने ते सोसले त्याचे. सदनिकेत राहणाऱ्या समलिंगी माणसाने मिरवणुकीत एक दिवस ‘मी हिजडा’ म्हणणे आणि संध्याकाळी घरी जाऊन सोसायटीच्या सभेला बसणे, ह्याला आम्ही धाडस म्हणत नाही. दुसऱ्याच्या जखमेचा दागिना करणे म्हणतो.

राहिली ती इंग्रजी आद्याक्षरे. एलजीबीटी, मग क्यू, मग आयए, मग अधिकचे चिन्ह. न्यायालयात आणि ठरावात ही यादी उपयोगी आहे, कारण यादीत कोणी सुटत नाही. पण यादी म्हणजे नाव नव्हे. हजेरीपटात सर्व मुलांची नावे असतात, म्हणून हजेरीपट वाचून वर्गाला हाक मारता येत नाही. आणि यादीत असूनही माणसे दिसेनाशी होतातच. ‘गे’ म्हटले की पुरुष डोळ्यांपुढे येतो. गंमत अशी की आपल्या जुन्या कवितेत ‘गे’ हे स्त्रीला घातलेले संबोधन आहे. आज त्याच अक्षराने स्त्री बाजूला पडते. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली मराठी रंगभूमीवर स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आणली. नाटकाचे नाव ‘मित्राची गोष्ट’. ही मित्रा म्हणजे सुमित्रा, हे नाटक पाहिल्यावरच कळते. फलकावर ती कोणा एका मित्राची, पुरुषाची गोष्ट म्हणून वाचता येते. तेंडुलकरांनी हे जाणूनबुजून केले असो वा नसो, त्या षष्ठीच्या प्रत्ययाआड एक स्त्री लपून बसली आहे. १९९५ साली मुंबईत समलिंगी आणि उभयलैंगिक स्त्रियांना ‘स्त्री संगम’ नावाचा स्वतंत्र गट काढावा लागला, तो असाच नाही.

मग छत्रीचे नाव काय? आमचा पक्ष ऐकून आमच्याच विभागातील काहींनी कपाळावर हात मारला होता, म्हणून आधी एक उदाहरण देतो. ‘दलित’ हा शब्द पाहा. तो एका जातीचे नाव नाही. दलित पँथरने १९७२ साली उभे राहिल्यावर आपल्या जाहीरनाम्यात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन आणि स्त्रिया ह्या सर्वांना त्या शब्दाखाली बोलावले. ‘अनुसूचित जाती’ हे यादीचे नाव आहे, ‘हरिजन’ हे दयेचे नाव आहे आणि ‘दलित’ हे भूमिकेचे नाव आहे. तुम्ही कोण आहात ह्यापेक्षा तुमच्यावर काय झाले आणि तुम्ही कोठे उभे आहात, हे तो शब्द सांगतो. म्हणूनच तो सत्तेला टोचतो. २०१८ साली हा शब्द वापरू नये ह्यासाठीचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आणि त्याच वर्षी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना ‘अनुसूचित जाती’ असे म्हणण्याचा सल्ला दिला. यादी कोणाला टोचत नाही, हे मंत्रालयाला ठाऊक होते. जात आणि लैंगिकता ह्या एकच गोष्टी आहेत असे आम्ही म्हणत नाही. समलिंगी ब्राह्मण हा ब्राह्मणच राहतो, हे विसरणाऱ्यांशी आमचे वेगळे भांडण आहे. छत्रीचे नाव कसे घडावे, एवढाच धडा आम्ही त्या परंपरेकडून घेत आहोत.

तो धडा घेतला तर आज मराठीत एकच शब्द त्या कामाला उतरतो आणि तो आहे ‘क्विअर’. देवनागरीत लिहिलेला, मराठी प्रत्यय घेणारा, क्विअरांचा, क्विअरांना, क्विअरपण असा चालणारा. इंग्रजीत ती शिवी होती. न्यूयॉर्कमधील कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमारास ती मुद्दाम स्वतःच्या नावात घेतली. हा शब्द तुमचा देह कसा आहे हे विचारत नाही, तुम्ही कोणावर प्रेम करता हेही विचारत नाही. समाजाने जी एक वाट सरळ म्हणून आखली तिच्यावर तुम्ही नाही, एवढेच तो सांगतो. त्यात लिंग नाही, देव नाही, पंथ नाही. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात आडोसा आहे. एकवीस वर्षांच्या मुलीला स्वतःविषयी अजून सर्व कळलेले नसते. ‘मी अमुक’ असे नेमके सांगण्याची सक्ती तिच्यावर करणे हा दुसरा जाच आहे. ‘मी क्विअर आहे’ असे म्हटल्यावर ती एकटी राहत नाही आणि तरी आपला सगळा हिशेब चव्हाट्यावर मांडत नाही. छत्रीने आणखी काय करायचे असते?

आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला, हा शब्द परका आहे. असेल. पगार, चावी आणि बटाटा पोर्तुगिजांकडून आले. वकील आणि फिर्याद अरबी-फारशीतून आले. गिरणगावातल्या कामगाराने ‘युनियन’चा अनुवाद होईपर्यंत संप थांबवून ठेवला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एका परक्या शब्दाने जिचा कणा मोडेल तिला अभिजात कशाला म्हणायचे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा शब्द इंग्रजी शिकलेल्यांचा, शहरातल्यांचा आहे. हे खरे आहे आणि आम्हांला ते टोचते. परंतु संस्कृत शब्द आणल्याने ही दरी बुजत नाही, फक्त तिचा काठ बदलतो. शब्द कोणाचा हे त्याच्या मुळावरून ठरत नाही, तो कोणाच्या तोंडी किती वर्षे राहतो ह्यावरून ठरते. २००८ साली मुंबईत ‘क्विअर आझादी’ असे म्हणत मोर्चा निघाला. एक इंग्रजी शब्द, एक फारशी शब्द आणि पाय इथल्याच रस्त्यावरचे. परकेपणाचा प्रश्न तेथेच निम्मा मिटला.

तिसरा आक्षेप तमिळांच्या उदाहरणाचा. तमिळनाडूने २०२२ साली ह्या समाजासाठी सन्मानाच्या तमिळ शब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली आणि ‘क्विअर’ला ‘पाल पुदुमैयर’ असा, लिंगाच्या बाबतीत नवे असलेले अशा अर्थाचा, शब्द दिला. मग मराठीने का करू नये? अवश्य करावे. पण तेथे मद्रास उच्च न्यायालयाच्या रेट्यापूर्वी आणि शासनाच्या शिक्क्यापूर्वी त्या समाजातील माणसांनी आपसांत भांडून शब्द शोधले होते. आपल्याकडे क्रम उलटा करण्याची घाई दिसते. आधी समिती, मग कोश आणि माणसे सर्वांत शेवटी. मराठी क्विअर मंडळींनी उद्या आपल्या तोंडून एखादा मराठी शब्द घडवला आणि तो नाक्यावर टिकला, तर आम्ही ‘क्विअर’ त्याच दिवशी खाली ठेवू. तोवर हातात असलेली छत्री, मराठी कापडाची नाही म्हणून मिटून ठेवण्यात शहाणपण नाही.

शब्दाला अटीही हव्यात. हा शब्द हिजडा, जोगता, पारलिंगी, समलिंगी ह्यांच्या जागी येता कामा नये. त्यांच्या वर, पाऊस असेतो, यावा. तो शासनाच्या अर्जावर जाऊ नये. आणि तो कोणावर लादला जाऊ नये. साठीतल्या एखाद्या माणसाला ‘मी समलिंगी’ एवढेच पुरत असेल, तर त्याला छत्रीत ओढून आणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मराठीचे अध्यापक म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. आपल्या भाषेत ‘मी’ म्हणताच लिंग सांगावे लागते. मी जातो, मी जाते. स्वतःला ह्या दोन्हींत न बसवणाऱ्याची मराठीत पहिल्याच क्रियापदाशी अडवणूक होते. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात हा त्या मातीचा मोठेपणा; शिष्ट मराठी तेवढी दिलदार नाही. मात्र हीच भाषा ‘आम्ही’ म्हटल्यावर लिंग विचारायचे सोडून देते. आम्ही जातो, आम्ही गेलो. स्त्रिया, पुरुष आणि इतर सर्व, एकाच रूपात. एकट्याला विचारलेला प्रश्न समूहाला विचारला जात नाही. छत्री-शब्दाचे काम ह्याहून वेगळे नाही.

आता त्या विद्यार्थिनीविषयी. त्या दिवशी आम्ही तिला एवढेच म्हणालो होतो की आईशी बोलताना कोणतेही नाम वापरू नकोस, क्रियापद वापर. ‘मला मुली आवडतात’ हे वाक्य आईला कळेल. छत्री बाहेर जाताना लागते, घरात नव्हे. ती पुढच्या सत्रात भेटली. सांगितले, म्हणाली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना तिने विचारले, “तुमच्यासारख्यांना काय म्हणतात गं?” ती म्हणाली, “क्विअर.” आई म्हणाली, “मराठीत?” ती म्हणाली, “हेच मराठीत.”

आम्ही दोघांनी त्यानंतर बरेच कोश चाळले. ह्याहून चांगले उत्तर अद्याप सापडलेले नाही.